सैन्यशाखांची परस्परथट्टा : काही शब्दांचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे सनदा, पत्रे, करीने, हिशेबाच्या वह्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. माणसे एकमेकांस कशावरून हसत होती, याची नोंद दप्तरात सहसा सापडत नाही. कारकून शिपायांच्या पगाराचा हिशेब लिहितो, दारूगोळ्याचा लिहितो. पलटणीतील शिपायास गलबतावरील खलाशाने काय नाव ठेवले, हे लिहिण्याचे त्यास काही कारण नसते. तथापि ठेवलेले नाव भाषेत टिकून राहते. ज्या कपड्यावरून, ज्या अन्नावरून वा ज्या भांडणावरून ते पडले, ती गोष्ट नाहीशी झाल्यावरही नाव उच्चारले जातच असते. अशा नावांचा माग काढीत गेल्यास दप्तरात नसलेला थोडा इतिहास हाती लागतो, असा माझा अनुभव आहे.

प्रस्तुत लेखात मुख्यतः ब्रिटिश सैन्यशाखांच्या परस्परथट्टेचा विचार केला आहे. या निवडीस कारण आहे. भूदल, नौदल, नौदलाबरोबर राहणारे मरीन शिपाई आणि अलीकडील विमानदल या चौघांची एकमेकांस नावे ठेवण्याची परंपरा तेथे तीन शतकांहून अधिक काळ अखंड चालत आली आहे. आणि तेथील कोशकारांस हलक्या बोलीचे वावडे नसल्यामुळे ती नावे वेळोवेळी टिपलीही गेली आहेत. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली लोकांच्या ग्राम्य बोलीचा जो कोश प्रसिद्ध केला, तो या कामी फार उपयोगी पडतो. ग्रोस स्वतः लष्करी नोकरीत वावरलेला मनुष्य होता. छावणीतील भाषा त्याने ग्रंथांतून गोळा केली नसून कानांनी ऐकली होती, हे पानोपानी जाणवते.

आरंभ मरीनांपासून करणे सोयीचे आहे. २८ ऑक्टोबर १६६४ रोजी दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीत समुद्रावर लढण्यासाठी म्हणून एक पायदळ पलटण उभारण्यात आली. तिच्यापासून ब्रिटिश मरीन दलाचा उगम मानतात. या शिपायाची अवस्था प्रथमपासूनच मोठी चमत्कारिक होती. खलाशांच्या दृष्टीने तो जमिनीवरचा माणूस, आणि पायदळाच्या दृष्टीने तो पाण्यावरचा. जहाजावर तो राही. पण शिडांच्या दोरांवर चढण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नसे. त्याचे खरे काम दोन प्रकारचे होते : लढाईत बंदूक चालवणे, आणि एरवी खलाशांवर नजर ठेवणे. अधिकाऱ्यांच्या व खलाशांच्या राहण्याच्या जागांच्या मधोमध मरीनांची जागा असे, यातच सर्व काही आले. १७९७ साली स्पिटहेड व नोअर येथे खलाशांची मोठी बंडे झाली, तेव्हा तर या मधल्या जागेचा अर्थ कोणासही समजावून सांगण्याची गरज उरली नाही. पुढे १८०२ साली लॉर्ड सेंट व्हिन्सेंट याच्या आग्रहावरून तिसऱ्या जॉर्जने मरीनांस ‘रॉयल’ हे उपपद बहाल केले.

ज्या माणसाने आपल्यावर पहारा ठेवायचा, त्याच्याच शेजारी झोपायचे आणि त्याच्याच बरोबर मरायचे, अशा स्थितीत खलाशाने करावे काय? उघड शत्रुत्व परवडणारे नव्हते, आणि निखळ मैत्री शक्य नव्हती. खलाशाने थट्टेचा आश्रय केला. ग्रोसच्या कोशात ‘मरीन अधिकारी’ या शब्दप्रयोगाचा एक अर्थ रिकामी बाटली असा दिला आहे. मरीन अधिकारी खलाशांच्या मते निरुपयोगी म्हणून. रिकाम्या बाटलीस ‘मरीन’ म्हणण्याची ही रीत पुढेही बराच काळ चालली. तिच्या संबंधात एक आख्यायिका सांगतात. पुढे चौथा विल्यम म्हणून गादीवर आलेला राजपुत्र नौदलात वाढलेला होता. एका मेजवानीत त्याने टेबलावरील मरीन हलवण्यास नोकरास सांगितले. पंगतीत बसलेल्या एका मरीन अधिकाऱ्याच्या कपाळावर आठी उमटलेली पाहून तो म्हणाला की, मरीन म्हणजे असा भला गडी, की ज्याने आपले कर्तव्य एकदा चोख बजावले आहे आणि जो ते पुन्हा बजावण्यास सिद्ध आहे! आख्यायिकेचा खरेखोटेपणा क्षणभर बाजूस ठेवू. शब्द तोच राहिला, वस्तू तीच राहिली, बाटली रिकामीच राहिली. फक्त अर्थ निराळ्या बाजूने लावला, आणि टोमण्याचा गौरव झाला. ही युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा भेटते.

तिचे सर्वांत मनोरंजक उदाहरण म्हणजे ‘हे मरीनांना जाऊन सांगा’ हा वाक्प्रचार. मराठीत आपण ‘थापा मारू नका’ म्हणतो, त्या अर्थी तो इंग्रजीत येतो. त्याचा मूळ रोख उघड आहे : असली थाप मरीनांस खरी वाटेल, मुरलेला खलाशी तिला फसणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन डेव्हिसच्या १८०६ मधील सागरी कादंबरीत तो येतो. १८२३ साली बायरनने तो वापरला, तेव्हा ही म्हण जुनीच असल्याचे सांगून. म्हणजे जहाजावर नवखा असलेल्या शिपायाच्या भोळेपणाची ही थट्टा.

परंतु विसाव्या शतकात या वाक्प्रचाराची एक वेगळीच उपपत्ती प्रचलित झाली. ती अशी : दुसऱ्या चार्ल्सपुढे कोणी कप्तानाने उडणारे मासे पाहिल्याचे सांगितले. राजाचा विश्वास बसेना. तेव्हा जवळच असलेल्या मरीन पलटणीच्या एका अधिकाऱ्याने आपणही ते पाहिले असल्याची ग्वाही दिली. राजा म्हणाला, मरीनांइतका देशोदेशीच्या समुद्रांचा अनुभव कोणास असणार? यापुढे एखाद्या नवलाविषयी शंका आली, तर ती आधी मरीनांना सांगून पाहावी. ही हकीकत सॅम्युएल पेपिस याने नोंदवली असल्याचेही सांगण्यात येत असे. अशा नोंदीपुढे सामान्य वाचक मान तुकवतोच. कित्येक जाणत्यांनीही ती तुकवली. वस्तुतः पेपिसच्या लेखनात असे काहीही नाही. ही कथा १९०४ साली डब्ल्यू. पी. ड्रुरी नामक गृहस्थाने रचली, आणि ती आपली गंमत असल्याचे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. हा ड्रुरी कोण? मरीन दलातील मेजर!

लोकव्युत्पत्तीची उदाहरणे आपण वर्गात नेहमी देतो. ती अज्ञानातून जन्मतात असेही सांगतो. येथे मात्र अज्ञान नाही. ज्याची शंभर वर्षे थट्टा झाली, त्याने थट्टेच्या शब्दाला खोटा जन्मदाखला मिळवून दिला, राजाची सही घेतली आणि हसणाऱ्यांसच भोळे ठरवले. खलाशांच्या टोमण्यास मरीनांनी दिलेले हे उत्तर होते. मुष्टियुद्धाऐवजी व्युत्पत्तीने दिलेले, इतकेच. ज्या वाचकांनी ही कथा खरी मानली ते, मूळ म्हणीच्या अर्थाने पाहता, मरीन ठरले.

वस्त्रांवरून पडलेली नावे याहून सरळ आहेत, पण त्यांचाही प्रवास पाहण्यासारखा असतो. ‘लॉब्स्टर’ म्हणजे शेवंडा, आपल्या कोकण किनाऱ्यावरील लोकांच्या चांगल्या ओळखीचा. इंग्लंडातील यादवीत १६४३ साली सर आर्थर हेझलरिग याच्या घोडेस्वारांस हे नाव मिळाले, ते त्यांच्या अंगावरील लोखंडी चिलखतामुळे. कवचात शिरलेला प्राणी हे साम्य. पुढे चिलखते गेली आणि शिपायांच्या अंगावर तांबडे डगले आले. नाव मात्र गेले नाही. ते कवचावरून उठून रंगावर बसले, कारण शिजवलेला शेवंडा तांबडा होतो. खलाशी लोक तांबड्या डगल्याच्या सर्वच शिपायांस, जहाजावरील मरीनांसुद्धा, याच नावाने हाक मारीत. १८२९ साली लंडनमध्ये पोलीस दल स्थापन झाले. त्याचा गणवेश निळा. शेवंडा शिजण्यापूर्वी निळसर काळा असतो. तेव्हा पोलीस हा ‘कच्चा शेवंडा’ ठरला. एका शब्दाच्या पोटात युद्धसाहित्यातील एवढी स्थित्यंतरे साठलेली असतात, हे अर्थविचाराच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावे.

अमेरिकेतील मरीनांस खलाशांनी दिलेले ‘लेदरनेक’, म्हणजे चामडमान्या, हे नाव असेच. १७९८ पासून १८७२ पर्यंत तेथील मरीनांच्या गणवेशात चामड्याचा ताठ गळपट्टा असे. मान वळवता येऊ नये इतका तो ताठ, म्हणून खलाशांना हसू येई. गळपट्टा गेला, आणि १९१७ साली क्वांटिको येथील मरीनांनी आपले नियतकालिक काढले, तेव्हा त्याच्या नावात त्यांनी हाच शब्द घेतला. टोमणा स्वीकारून मिरवणे हेही एक उत्तरच होय.

विमानदलाच्या वाट्यास आलेल्या नावांत एक निराळा सूर ऐकू येतो. ब्रिटिश विमानदल १ एप्रिल १९१८ रोजी, भूदलाची व नौदलाची विमानपथके एकत्र करून, अस्तित्वात आले. जन्मतिथीच अशी, की वडील भावंडांस विनोदासाठी शोध करण्याची गरज पडू नये. पण थट्टेच्या आत कुरबुर होती. नव्या दलातील अधिकाऱ्यांस कोणती पदनामे द्यावीत हा प्रश्न निघाला, तेव्हा आपली पदनामे देण्यास जुन्या दलांनी हरकत घेतली. मग नवी नावे शोधण्याचा उद्योग सुरू झाला. गेलिक भाषेतील ‘श्रेष्ठ’ व ‘पक्षी’ या अर्थांच्या शब्दांपासून ‘आर्डियन’ असे एक पदनामही सुचवण्यात आले होते. पाखरांचा नायक! सुदैवाने ते टळले आणि १९१९ साली विंग कमांडर, स्क्वाड्रन लीडर इत्यादी नावे ठरली. भारतीय वायुसेनेतही तीच रूढ आहेत. ते आर्डियन टिकले असते तर दोन्ही दलांच्या भोजनगृहांत पुढील पन्नास वर्षे काय काय ऐकू आले असते, याची कल्पना करवत नाही.

विमानदलीयांस नौदलात ‘क्रॅब’, म्हणजे खेकडा, म्हणतात. हा खेकडा समुद्रातील नव्हे. अंगावरील उवांसाठी पाऱ्याचे एक करडे निळसर मलम लावीत. त्या उवांना खेकडा म्हणत, म्हणून मलमाचे नौदलातील नाव ‘खेकड्याची चरबी’ असे पडले होते. १९१९ सालच्या नव्या गणवेशाचा रंग खलाशांस नेमका त्या मलमासारखा दिसला. विमाने वाऱ्यात तिरपी चालतात म्हणून खेकडा, अशी दुसरी उपपत्ती सभ्य श्रोत्यांसाठी सांगितली जाते. मला पहिलीच ग्राह्य वाटते. थट्टेचे शब्द बहुधा सभ्य गोष्टींवरून निघत नाहीत.

या सर्व प्रकारास मानववंशशास्त्रात एक स्थान आहे. रॅडक्लिफ-ब्राउन याने १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. ज्यांचे हितसंबंध एकत्रही आहेत आणि विरुद्धही आहेत, त्यांच्यामध्ये परस्परांचा ठराविक प्रमाणात अनादर करण्याची मुभा समाज देतो, आणि त्या अनादराचा राग धरावयाचा नाही असे बंधनही घालतो, हा त्याचा मुख्य सिद्धांत. आपल्याकडील वाचकास यासाठी आफ्रिकेत जाण्याचे कारण नाही. विहिणीची पंगत ज्याने पाहिली आहे, त्यास हे नाते कळते. मुलगी देणारे आणि घेणारे या दोन घरांत ताण असावयाचाच. तो गाण्यातून, उखाण्यातून, नावे ठेवण्यातून वाहून जाऊ देतात. विहिणीने विहिणीस म्हटलेले शेजारणीने म्हटले, तर मात्र भांडण होते. भूदलाच्या शिपायास ‘पोंगो’ म्हणण्याचा अधिकार खलाशास आहे, गणवेश न घातलेल्या नागरिकास नाही, हा तसाच नियम होय.

या सिद्धांतास मी शब्दांच्या आधारे एक पुस्ती जोडू इच्छितो. मुभा आणि बंधन एवढ्याने थट्टा गोड राहत नाही. जिची थट्टा झाली त्या बाजूस उत्तर देण्याची सोय असावी लागते. बाटलीचा अर्थ फिरवणे, बनावट व्युत्पत्ती रचणे, गळपट्टा नियतकालिकाच्या माथ्यावर छापणे, ही सारी उत्तरेच आहेत. उत्तराची वाट बंद झाली, म्हणजे तोच शब्द अपमान बनतो. हे केवळ तर्काने म्हणत नाही. १९४० सालच्या उन्हाळ्यात ते घडले.

युद्धाच्या प्रारंभी विमानदलीयांस ‘ब्रिलक्रीम बॉइज’ म्हणत. ब्रिलक्रीम हे केसांस लावण्याचे क्रीम १९२८ साली बाजारात आले होते, आणि त्याच्या जाहिरातीत विमानदलाच्या वेषातील तुळतुळीत केसांचा तरुण झळकत असे. चिखलात राहणाऱ्या शिपायाने, चादरीवर झोपणाऱ्या वैमानिकास लावलेले हे नाव. त्यात हेवा होता, पण विषारीपणा नव्हता. मग २६ मे ते ४ जून या दिवसांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून ३,३८,२२६ सैनिक समुद्रमार्गे परत आणण्यात आले. वाळूत अडकलेल्या शिपायांवर जर्मन विमाने बाँब टाकीत होती आणि आपली विमाने कोठे दिसत नव्हती. ती लढत होती. परंतु पुष्कळदा किनाऱ्यापासून आत, किंवा ढगांच्या वर. अॅलन डीर या न्यूझीलंडच्या वैमानिकाचे स्पिटफायर २८ मे रोजी डंकर्कजवळ पडले. तो तेथून कसाबसा धक्क्यावर पोहोचला आणि विनाशिकेवर चढू लागला, तेव्हा भूदलाच्या एका मेजरने त्यास अडवले : तुम्ही लोक येथे जे काही करीत आहात ते पाहता, तुम्ही जमिनीवरच राहिलात तरी चालेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. जहाजावर गेल्यावरही भूदलाच्या अधिकाऱ्यांनी त्याचे स्वागत मौनाने केले. डीरने हे सर्व आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

त्या मेजरच्या वाक्याची घडण विनोदाचीच आहे, हे पाहावे. चार महिन्यांपूर्वी एखाद्या दारूच्या गुत्त्यात ते वाक्य उच्चारले गेले असते, तर डीर हसला असता आणि त्याने उलट काही तरी ऐकवले असते. धक्क्यावर त्यास उलट ऐकवण्याजोगे काही नव्हते. ज्याने ढगांवरची लढाई पाहिलीच नाही, त्यास ती पटवावी कशी? इंग्लंडात परतलेले शिपाई पुढे काही आठवडे विमानदलाचा वेष दिसेल तेथे त्यास टाकून बोलत. प्रकरण इतक्या थरास गेले होते की ४ जून रोजी पार्लमेंटमधील भाषणात पंतप्रधान चर्चिल यांस त्याचा मुद्दाम परामर्श घ्यावा लागला; परतलेल्या सैनिकांनी विमानदलाचे काम पाहिले नाही, त्याच्या हातून निसटलेली तेवढी शत्रूची बाँबफेकी विमाने पाहिली, असे त्यांनी बजावले. शिपायाच्या टोमण्यास उत्तर देण्यासाठी पंतप्रधानास उभे राहावे लागावे, याचा अर्थ थट्टेचे नाते तुटले होते. ते पुन्हा जुळले ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, जेव्हा इंग्लंडच्या आकाशातील लढाई लोकांस अंगणातून दिसू लागली. ‘ब्रिलक्रीम’ हा शब्द गेला नाही. तो पुन्हा सोसवेल असा झाला.

अमेरिकेत हेच नाते खेळाच्या रूपाने बांधून काढलेले आहे. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालय व अॅनापोलिस येथील नौदल विद्यालय यांचा पहिला फुटबॉल सामना १८९० साली झाला. नौदलाने तो २४–० असा जिंकला. १८९३ च्या सामन्यानंतर दोन्ही बाजूंचे वातावरण इतके तापले की सरकारने दोन्ही संघांस आपापले आवार सोडून खेळण्यास जाण्याची मनाई केली, आणि १८९४ ते १८९८ हे सामने बंद राहिले. १८९९ पासून ते फिलाडेल्फिया या तटस्थ नगरात पुन्हा सुरू झाले. आता तेथे अशी रीत आहे की, सामना संपल्यावर दोन्ही संघ प्रथम हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून त्यांच्या विद्यालयाचे गीत ऐकतात, आणि मग जिंकलेल्यांचे. उत्तर देण्याची सोय म्हणतात ती हीच; येथे ती कार्यक्रमपत्रिकेतच घातली आहे.

आपल्या इतिहासात याच्या उलट चित्र पाहावयाचे तर पानिपताकडे वळावे लागते. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर हा भेद जुनाच होता. एकाचा घोडा स्वतःचा, दुसऱ्याचा सरकारी. परंतु दोघेही स्वार, एकाच रीतीने लढणारे. इब्राहिमखानाचे गारदी मात्र बुसीच्या कवायती पद्धतीत तयार झालेले पायदळ होते. त्यांचे नावच परके, फ्रेंच ‘गार्द’शी जोडले जाणारे, त्यांची लढण्याची तऱ्हा परकी, आणि सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे त्यांचा पगार रोख व वेळेवर द्यावा लागे. गनिमी काव्यात मुरलेल्या मल्हारराव होळकरांसारख्या सरदारांस ही नवी तऱ्हा पसंत नव्हती. आणि त्यांच्या सल्ल्यास सदाशिवरावभाऊंनी त्यांच्या मूळ धंद्यावरून टोचून उत्तर दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. हे टोचणे वरून खाली होते. त्यास उलट टोचण्याची मुभा नव्हती. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान भाऊंकडे गेला आणि म्हणाला की, माझ्या लोकांच्या पगाराचा मी नेहमी तगादा लावतो म्हणून आपण माझ्यावर नाराज आहात. तो पगार आम्ही फुकट घेतला नाही हे आज आपण पाहाल. काशिराजाच्या वृत्तांतात हा प्रसंग आहे. गारद्यांनी ते उत्तर रणांगणावर दिले, आणि ते ऐकण्यास फार थोडे लोक उरले.

थट्टेची नावे नव्हती म्हणून पानिपत गेले, असे कोणी म्हणेल तर तो पोरकटपणा होईल. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्या फौजेत एका अंगाने दुसऱ्यास हसून काही म्हणण्याची रीत पडलेली नसते, तेथे कुरबूर गप्प बसते आणि नको त्या दिवशी बोलते. शब्दाची पुढील गतीही बोलकी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला. त्यानंतर मराठी माणसाच्या कानास गारदी म्हणजे मारेकरी, पानिपतावर उभा राहून मेलेला शिपाई नव्हे. या शब्दाचा अर्थ फिरवून देणारा कोणी ड्रुरी गारद्यांत निघाला नाही.

राहता राहिला ‘पोंगो’. अॅन्ड्र्यू बॅटेल नावाचा एक इंग्रज खलाशी सोळाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बरीच वर्षे अडकून पडला होता. तेथील अरण्यातील एका प्रचंड वानराचे स्थानिक नाव म्हणून त्याने ‘पोंगो’ हा शब्द सांगितला, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी तो इंग्रजीत छापला गेला. विसाव्या शतकात नौदलाच्या बोलीत तो आधी मरीनांस व मग भूदलाच्या शिपायास लागला. भूदल जेथे जाते तेथे ‘पाँग’ म्हणजे दुर्गंध जातो, म्हणून पोंगो, असे स्पष्टीकरण नाविक आवर्जून देतात. ते उघडच मागाहून जुळवलेले आहे, आणि वर सांगितलेल्या ड्रुरीच्या कथेची ही दुसऱ्या बाजूने केलेली परतफेड समजावयास हरकत नाही.

हाच शब्द ब्रिटिशांबरोबर हिंदुस्थानात आला आणि भारतीय सेनांतही रुळला. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडून येथे तिन्ही दलांच्या छात्रांचे एकत्र शिक्षण सुरू झाले आणि १९५५ च्या आरंभी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्यास रीतसर उघडली. तेथे भूदल, नौदल व वायुदल यांचे भावी अधिकारी एकाच स्क्वाड्रनमध्ये, एकाच छपराखाली राहतात. मध्य आफ्रिकेतील वानराचे नाव मुठेच्या काठी एक तरुण दुसऱ्यास हाक मारण्यासाठी वापरतो, आणि दुसऱ्यापाशीही त्याच्यासाठी एक शब्द तयार असतो. त्या शब्दांचा संग्रह मराठीत अद्याप व्हावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्यास प्रबंधासाठी विषय हवा असेल, त्याने सिंहगडाच्या रस्त्यास लागावे. तेथून निवृत्त झालेली माणसे पुण्यात पुष्कळ आहेत, आणि या विषयावर ती न विचारताही बोलतात.